पुरा बार

खांडेगडाच्या पूर्वेकडील दरीतून धुके वर चढत होते, नगारखान्यावर पहाटेची नौबत झडत होती, आणि नव्याने बांधलेला सूर्यबुरूज चुन्याच्या लखलखाटात असा काही मिरवत होता, की खालच्या गावचे रयतलोक माना वर करकरून पाहत होते. का पाहणार नाहीत? या बुरुजासाठी त्यांनी दोन सुगींची गडपट्टी भरली होती. बायकांनी अंगावरचे डागदागिने मोडले होते. पावसाळा सरला की गनीम दरीतून चढून येणार ही बातमी पक्की होती, आणि तो आला तर मुलाबाळांसह गडाखेरीज दुसरा आसरा त्यांना नव्हता.

गडाचे सबनीस केसो भिकाजी यांना मात्र त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. गडाची जुनी चाल अशी, की ज्याच्या शिक्क्याने बांधकामाचा पैका खजिन्यातून निघाला, त्याने पहिल्या तोफेच्या वेळी बुरुजावर तोफेशेजारी उभे राहायचे. बांधकाम खरे असेल तर पानविडा घ्यायचा, खोटे असेल तर दगडांबरोबर दरीत जायचे. आज ती पहिली तोफ उडायची होती, आणि शिक्का केसोपंतांचा होता. किल्लेदार सुभानराव म्हणतील तेव्हा तो उठला होता, आणि पंतांनी एकदाही बुरुजावर चढून पाहिले नव्हते. ज्या माणसाने बाप मेलेल्या पोराला आपल्या ताटात जेवू घातले, मोडीचे पहिले अक्षर मांडीवर बसवून गिरवून घेतले, त्याच्या शब्दावर पाहणी कसली करायची?

आदल्या सायंकाळी सहज म्हणून त्यांनी बुरुजाच्या सांध्यात काठी रोवली, तर ती हातभर आत गेली. वरून चुना, आत नुसती माती!  पंत तसेच सुभानरावांच्या सदरेवर गेले.

"आबासाहेब, बुरूज पोकळ आहे. पैका कुठे गेला?"

सुभानरावांनी दार लोटून घेतले. "दिवाणजींच्या घरी. किल्लेदारी माझ्यामागे माझ्या घरात राहावी, तर त्यांचे तोंड भरावेच लागते. जगरहाटीच आहे ती, केसो. तू काळजी करू नकोस. दाऊद गोलंदाजाला सांगून ठेवले आहे, बार अर्धाच भरेल. धूर होईल, आवाज होईल, बुरुजाला धक्का लागायचा नाही."

"आणि गनीम आला म्हणजे? तोही अर्धाच बार भरील?"

"तोवर पुढची पट्टी येईल. सावकाश भरून काढू. झाले ना समाधान?"

कसले डोंबलाचे समाधान! दरबारात तोंड उघडावे, तर ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या गळ्यात दोर पडणार. गप्प बसावे, तर साऱ्या मुलुखाच्या गळ्यात. पंत रात्रभर ओटीवर येरझारा घालत राहिले. 

सूर्य वर आला तशी राजमाता आईसाहेबांची पालखी बालेकिल्ल्यातून उतरली. शेजारच्या तटावर बिछायत पडली होती. आईसाहेब, दिवाणजी, सुभानराव आपापल्या जागी बसले, आणि खाली मैदानात रयत खांद्याला खांदा लावून उभी राहिली. केसोपंत स्नान करून, पागोटे बांधून बुरुजावर चढले, दाऊद तोफेशी होताच. त्यांनी आईसाहेबांना मुजरा केला, सुभानरावांनाही केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"दाऊदमियाँ, बार पुरा भरा."

दाऊदने गोंधळून किल्लेदारांकडे पाहिले.

"तिकडे काय पाहता? गनिमावर भराल तसा भरा. शिक्का माझा आहे, उभाही मीच आहे."

"सबनीस रास्त बोलतात," आईसाहेब म्हणाल्या. "चाल पुऱ्या बाराचीच आहे. भरा."

दारू ठासली गेली. सुभानरावांचा चेहरा पांढराफटक पडला. दिवाणजी त्यांच्या कानाशी लागून पुटपुटले, "गप्प बसा. पंत गेले, की दोष पंतांवरच जाईल." तेवढ्या एका वाक्याने त्या म्हाताऱ्याच्या काळजात काय झाले कोण जाणे! केसोपंत डोळे मिटून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, हे खालच्या माणसांनाही दिसत होते. दाऊद तटावर मागे सरला, आणि लांब काठीची बत्ती उचलून त्याने ती तोफेच्या कानाशी नेली.

"थांब! अरे थांब!" सुभानराव तटावरून धावत सुटले. पागोटे पडले, जोडा निसटला. त्यांनी जळती बत्ती मुठीत आवळली आणि हात पोळत असता ओरडले, "आईसाहेब, बुरूज मातीचा आहे! पैका मी खाल्ला, दिवाणांना चारला. या पोराने काही खाल्लेले नाही!"

 मैदानातल्या एका म्हातारीने मातीची मूठ उचलून बुरुजाच्या दिशेने भिरकावली, आणि जो गलका उठला तो आवरता आवरेना.

आईसाहेबांनी निवाडा जागीच केला. दिवाणजी बेड्या घालून बालेकिल्ल्यात गेले. सुभानरावांची किल्लेदारी गेली, घरदार विकून पैका बुरुजाला लागला, आणि पायथ्याच्या गावात एका खोपटात ते राहू लागले. केसोपंतांनी शिक्का आईसाहेबांच्या पायाशी ठेवला, न पाहता उठवल्याची चूक कबूल केली; आईसाहेबांनी तो परत दिला आणि बांधकामावर दररोज गावकरी उभे राहतील असा हुकूम केला. दिवसरात्र काम चालले. दरीच्या तोंडाशी गनिमाचे तंबू दिसू लागले त्या सकाळी नवा बुरूज उभा राहिला.

केसोपंत तोफेशेजारी जाऊन उभे राहिले, तोच गर्दीतून वाट काढीत, करपलेला हात उपरण्यात गुंडाळलेले सुभानराव वर आले. कोणी अडवले नाही. ते पंतांच्या शेजारी उभे राहिले, दरीतल्या तंबूंकडे पाहत हळूच म्हणाले,

"केसो, बार पुरा आहे ना रे?"

"पुरा आहे, आबासाहेब."

"मग दे म्हणावे बत्ती."