थोरलीचे खांदे

बस ना, दिवा राहू दे तसाच. मला हल्ली झोप येत नाही, आणि न झोपल्याने काही बिघडतही नाही.

त्या दुपारी मी नुसता डबा द्यायला धाकटीच्या स्टुडिओत गेले होते. माझी धाकटी बहीण माणसांच्या अंगाचे साचे काढून प्लास्टरची शिल्पं करते. दुःख चेहऱ्याच्या आधी अंगात साठतं, असं तिचं म्हणणं. मोठी कलाकार आहे हो, पण घरी चहाचा कप उचलायची नाही. आईची दृष्टी गेल्यापासून तिचं उठणं-बसणं, अंघोळ, रात्रीबेरात्रीची हाक, सगळं माझ्याच गळ्यात. माझ्या खांद्याचा आधार घेऊन आई उठायची. हात लावला की मला ओळखायची.

धाकटी म्हणाली, ताई, तुझे खांदे दे, इतका थकवा मला दुसरीकडे कुठे मिळणार! मी म्हटलं, घे बाई, सगळाच घे. तिने खांद्यांवर, पाठीवर ओलं प्लास्टर थापलं. सुकताना ते चांगलंच तापलं. उतरवलं तेव्हा अंग इतकं हलकं झालं की घरचा जिना मी न थांबता चढले.

आईला उठवायला वाकले. तिने खांदा चाचपला आणि हात मागे घेतला.

"कोण गं तू?"

"मी आहे, आई..."

"थोरलीला बोलव."

मग रोज तेच. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईना. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, आणि तेव्हा मात्र मी घाबरले.

अशात धाकटीचा फोन आला. साच्यात ओतलेले खांदे अजून गार पडत नव्हते. थोरलीकडे नेते, असं सांगून मी आईला घेऊन तिकडे गेले. लाकडी ठोकळ्यावर माझे खांदे होते, त्यांना ना मान, ना डोकं. आईने हात ठेवला आणि तिचा चेहरा निवला.

"आलीस? किती दमलीस गं... उठव मला."

पांढरा खांदा हळूच खाली आला, आईला उठताना लागतो तेवढाच. धाकटीने माझा हात घट्ट धरला.

तो साचा मी पुन्हा पाठीला लावून पाहिला. बसत नाही.

आई आता तिथेच राहते. मी डबा पोचवते, आता दोघींचा. काल तो ठेवून निघाले, तशी आई त्या खांद्यांना म्हणाली, "बाई भली आहे गं. बस म्हण तिला."

आणि माझ्या मागून, माझ्याच आवाजात, कुणीतरी दमून म्हणालं, "बसा ना..."