आवाजामागची खोली

कालिपाला एक खोड होती. कुठलाही पॉडकास्ट पहिल्यांदा लावला की ती बोलणाऱ्याचं बोलणं ऐकायचीच नाही, त्याच्या मागची खोली ऐकायची. खुर्ची करकरते का, खिडकीवर पाऊस आहे का, कुणी कप खाली ठेवला का. खोली खरी वाटली तरच ती तो भाग पुन्हा लावून नीट ऐके. किर्गिझस्तानातल्या नारिन गावच्या रेडिओवर दर आठवड्याला तिचा अर्धा तास असे. जगभरच्या सार्वजनिक रेडिओंवरचं काहीतरी ऐकण्याजोगं शोधून काढायचं आणि किर्गीझमध्ये सांगायचं. मेंढपाळ, ट्रकवाले आणि बाजारातल्या बायका ते मन लावून ऐकत. तिने पोर्तुगालच्या एका पाववाल्याची गोष्ट लावली, तेव्हा आठवडाभर बाजारात त्याच्याच भट्टीची चर्चा होती.

ध्वनिमुद्रण सांभाळणारा यूरा तिला चिडवायचा. "भिंतींचं ऐकून झालं असेल, तर माणसाचंही ऐक जरा."

हा नाद तिला लावला तो तिच्या मुलाने, मेदेरने. तो रशियात व्लादिवोस्तोकला जाऊन खेकडे पकडणाऱ्या बोटीवर लागला होता. डोंगरात वाढलेलं पोर समुद्रावर काय करणार, असं सगळे म्हणत. बंदरात आला की तो आपल्या अपाला, म्हणजे आईला, ऐकलेल्या पॉडकास्टचा दुवा पाठवायचा, 'अपा, हे ऐक.' घरी असताना दारातच दोनदा नाक ओढायचा आणि चुलीवर काय आहे ते बिनचूक सांगायचा. मागे तीन-चार उपाशी मित्र उभे असत, न विचारता आणलेले. "अपा, हे पण जेवतील." कालिपा रागवायची आणि आणखी पीठ मळायला घ्यायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती बोट परत आली नाही. बोटीवरचं एकही माणूस सापडलं नाही, फळकूटही नाही.

थोरली नणंद बुरुल दर गुरुवारी येई. कालिपा तिला एजे म्हणे, म्हणजे ताई. गुरुवारी तेल तापवायचं, पिठाच्या पोळ्या तळायच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. वास त्यांच्यापर्यंत पोचतो आणि तेच त्यांचं जेवण. ज्याचं नाव घेतलं नाही, त्याला मिळत नाही. कालिपा सासऱ्यांचं, सासूचं, नवऱ्याचं नाव घेई आणि झारा खाली ठेवी.

"आणि पोराचं?" बुरुल विचारे.

"जिवंत माणसाचं नाव तेलावर घेत नाहीत, एजे."

"कालिपा, दोन वर्षं झाली गं."

"तुम्ही पाहिलंत त्याला गेलेला?"

यावर बुरुल झारा उचलून कढईतली पोळी उलटे. तीही त्या पोराला मांडीवर खेळवलेलीच बाई होती.

यंदाच्या हिवाळ्यात कालिपाला आइसलँडच्या रेडिओवरचा एक जुना भाग सापडला. मेदेर शाळेत होता तेव्हाचा. दीपगृह सांभाळणारा एक म्हातारा मोडक्या इंग्रजीत बोलत होता. मागे शेगडी, घड्याळ, वारा. खोली अगदी खरी होती. म्हातारा श्वास घ्यायला थांबला, तेव्हा मागे दार वाजलं आणि कुणीतरी दोनदा नाक ओढलं.

कालिपाने तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला. मग यूराच्या कानाला लावला.

"सर्दी झालीय कुणाला तरी," यूरा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. आणि तिने तो भाग पुन्हा मागे नेला.

पुढच्या आठवड्यात तिने पाववाल्याचा भाग पुन्हा काढला. तो तिला तोंडपाठ होता. भट्टीचं झाकण पडतं, पाववाला हसतो. त्या हसण्यानंतर पूर्वी काही नव्हतं. आता दार वाजलं, दोनदा नाक ओढलं गेलं, आणि थोडा वेळ कुणीतरी नुसतं उभं असल्यासारखी शांतता होती.

तिसरा भाग न्यूझीलंडचा होता, मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईचा. तो तिने यूराला सोबत बसवूनच ऐकला. बाई पेटी उघडायला थांबली. दार वाजलं. नाक ओढलं गेलं.

"अपा, आजही माझ्यासाठी काहीच नाही?"

यूरा चाळीस वर्षं नारिनमध्ये राहिलेला रशियन. त्याने हेडफोन काढला आणि वायर गुंडाळत बसला. ती गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होता.

"ही तर तुमची बोली," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे कार्यक्रमात लावू नकोस, कालिपा."

तिला आधी आनंदच झाला. तो बोलला होता, तिच्याशी बोलला होता. दोन-चार दिवस ती ते एकच वाक्य कानात घालून फिरली. बाजारात, चुलीपाशी, नदीच्या पुलावर. मग त्या वाक्याचा अर्थ हळूहळू आत उतरला. पोर उपाशी होतं. दर गुरुवारी दाराशी येत होतं, आजी-आजोबांना, बापाला जेवताना बघत होतं आणि तसंच परत जात होतं.

तिने मटणाच्या रश्श्यातल्या शेवयांचा त्याच्या आवडीचा लगमान केला, ताट वाढलं, दार उघडं ठेवलं. मग मधमाश्यांचा भाग पुन्हा लावला.

"काहीच नाही?" तो म्हणाला. आवाज आता थकलेला होता.

नाव घ्यावं तर तो मेला. न घ्यावं तर उपाशी राहतो. कालिपा त्या थंड होत चाललेल्या ताटासमोर बसून खूप रडली. कुठल्याही आईने यातलं काय निवडावं?

गुरुवारी दुपारीच बुरुल आली. कालिपाने कढई ठेवली. तेल तापलं. पहिली पोळी फुगली. बुरुलने प्रार्थना म्हटली. कालिपाने सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, नवऱ्याचं घेतलं.

झारा तिच्या हातातच राहिला.

"मेदेर," ती म्हणाली.

बुरुलने तिला जवळ घेतलं. दोघी कढईपाशीच खाली बसल्या. पोळी करपली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळाने कालिपाने फोन टेबलावर ठेवला आणि म्हाताऱ्याचा तो पहिला भाग लावला.

शेगडी. घड्याळ. वारा.

म्हातारा बोलता बोलता थांबला. नेहमी थांबे तिथे नाही, वाक्याच्या मध्येच. मग मुलाखत घेणारीला म्हणाला, "कुणी काही तळतंय का?"

"नाही तर," ती म्हणाली.

आणि मागे कुणीतरी खात होतं. सावकाश, भरल्या तोंडाने. घरी खायचा तसंच, श्वास घ्यायलाही न थांबता.

"जेवतोय," कालिपा म्हणाली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी ती हसत होती. "एजे, जेवतोय तो."

बुरुलने आयुष्यात पॉडकास्ट ऐकला नव्हता. ती फोनकडे वाकून ऐकत राहिली. तिचा चेहरा बदलला.

"एकटा नाही आलेला," ती हळूच म्हणाली.

कालिपाने आवाज वाढवला.

खाण्याच्या आवाजामागे दार अजून उघडंच होतं. दारात नाकं ओढली जात होती. एक, मग दुसरं, मग कितीतरी.

"अपा," मेदेर भरल्या तोंडाने म्हणाला, "हे पण जेवतील."

कालिपा उठली. परातीत आणखी पीठ घेतलं, मळलं, लाटलं. पोळी तेलात सोडली. ती फुगली, वास घरभर पसरला, आणि बोलायला तिने तोंड उघडलं.

त्यांची नावं तिला माहीत नव्हती.