घड्याळवालीचं शेवटचं वाक्य

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, आणि मी त्याला चांगलंच झापलं.

डबिंग स्टुडिओच्या बोळात, रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. त्यावर बसून मी माझी वाक्यं पुटपुटत होते. समोर एक उंच, किडकिडीत माणूस उभा. काखेत कागदांची चळत, एका हाताची बोटं एकामागून एक मिटतायत, आणि नजर... थेट माझ्या ओठांवर.

"काय हो," मी म्हटलं, "घरी आया-बहिणी नाहीत वाटतं?"

"आहेत ना, दोन बहिणी," तो अगदी शांतपणे म्हणाला. "पण तुमचं हे वाक्य आठ वेळा तोंड उघडतंय. ती सातच वेळा उघडते."

ती म्हणजे घड्याळवाली. दुसऱ्या भाषेतली एक जुनी कार्टून मालिका आम्ही मराठीत आणत होतो. लाल झगा घालून उडणारा एक महाबली — त्याला स्टुडिओत सगळे झगेवालाच म्हणायचे — आणि मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करणारी एक मुलगी. दर भागात एक दुष्ट शास्त्रज्ञ तिला त्याच घड्याळाच्या काट्याला बांधायचा, झगेवाला येऊन सोडवायचा आणि उडून जायचा. जाताना ती त्याच्या पाठीकडे बघून एक वाक्य बोलायची. तिचा आवाज माझा होता. आणि हा मोजणारा म्हणजे आमचा नवा संवादलेखक.

"'पुन्हा कधी येणार तुम्ही' हे आठ," तो म्हणाला. "'परत कधी याल तुम्ही' म्हणून बघा. बरोब्बर सात."

म्हणून बघितलं. बसलं की हो! मला राग आला, कारण गेले पाच भाग मी ते आठवं अक्षर तोंडातल्या तोंडात गिळत होते आणि कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्याचं नाव ठेवलं — मोजणीदार.

मालिका बनवणारे महाकंजूस. एकदा काढलेलं चित्र त्यांनी बावन्न भाग वापरलं होतं. झगेवाला उजवीकडे उडाला तर तेच चित्र उलटं करून डावीकडे, मग छातीवरचं चिन्हही उलटं. मारामारीत फाटलेली बाही पुढच्याच क्षणी शिवलेली. गर्दी कुठलीही असो, तिच्यात एक टोपीवाला डावीकडून येऊन जाणारच. पाऊससुद्धा तीन सेकंदांचा, पुन्हा पुन्हा तोच. गोष्टींचीही तीच गत. सहाव्या भागात शास्त्रज्ञाने शहर बर्फाने गोठवलं, सव्विसाव्यात तेच यंत्र पिवळं रंगवून वाळूत पुरलं. माझी आई दर शनिवारी मालिका लावायची आणि दर शनिवारी म्हणायची, "अगं, हा भाग मी पाहिलाय."

मोजणीदाराचं आणि माझं मात्र त्यावरच जमलं.

"टोपीवाला आला," तो काचेपलीकडून म्हणायचा.

"बिचारा. इतकी वर्षं चालतोय, अजून घरी पोचला नाही."

"घरी कुणी वाट बघणारं नसेल."

"किंवा असेल, पण याने सांगितलंच नसेल... येतोय म्हणून."

रेकॉर्डिंगचे काका हेडफोन सारखे करत खोकायचे. ते चाळीस वर्षं लोकांचे श्वास ऐकत आलेत. त्यांना सगळं कळायचं.

मनोऱ्यावरच्या त्या एकाच दृश्यासाठी तो दर आठवड्याला नवं वाक्य आणायचा. तोंडाची उघडझाप तीच, सातच. "सांभाळून जा हं तुम्ही." "पाऊस येतोय, जपून जा." एकदा तर, "जेवून गेला असता की!" मी हसत सुटले, त्याच्या हातातला काचेचा पेला खाली पडला, आणि तो खळ्ळ आवाज माझ्या हसण्यासकट रेकॉर्ड झाला. स्टुडिओच्या मालकीणबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं. त्या दिवशी काचा गोळा करताना त्याचं बोट कापलं. मी रुमाल बांधला. गाठ मारायला जरा जास्तच वेळ लावला, हे मी आज कबूल करते.

चाळिसाव्या भागापासून माझा आवाज फुटायला लागला. आधी वाटलं, सर्दी. मग शेवटची अक्षरं हवेत विरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं: स्वरयंत्रावर मुगाएवढी गाठ.

"काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "नंतर पाच आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज येईल. पण हाच येईल, असं मी सांगू शकत नाही."

मी घरी आले आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडले. माझ्याकडे दुसरं होतं काय? दिसायला मी चारचौघींसारखी. पूर्वी एकजण फोनवर आवाज ऐकून माझ्या प्रेमात पडला होता. समोरासमोर भेटलो तर चहा संपायच्या आत त्याचं प्रेम संपलं. आणि मोजणीदार? तोही हेडफोन लावून डोळे मिटून मला ऐकायचा. त्याला आवडत असेल ते काय, हे मला नीट ठाऊक होतं. तेच नेमकं जाणार होतं.

सहा भाग उरले होते. मालकीणबाई म्हणाल्या, "थांबता येणार नाही गं. सोमवारपासून दुसरी मुलगी बघते." त्यांचंही बरोबर होतं. मी मान हलवली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी सामान आवरायला स्टुडिओत गेले. गरम पाण्याचा फ्लास्क, शाल, खडीसाखरेची डबी. बाहेर पाऊस लागला होता. तो खिडकीशी येऊन उभा राहिला. मघापासून काहीतरी बोलायचं घाटत होतं त्याच्या मनात.

"बघ," तो म्हणाला, "या पावसाचा एक थेंबही आधी वापरलेला नाही."

मला हसू आलं नाही.

"मला दुसऱ्या शहरात काम मिळतंय," तो कागदांच्या कडा जुळवत म्हणाला. "ही मालिका संपली की बोलावलंय. मी अजून... हो म्हटलेलं नाही."

"का नाही म्हटलंस?"

"कुणी थांब म्हणतंय का, ते बघतोय."

बोलायला तोंड उघडलं... आणि मनात आलं, उद्यापासून मी मुकी. परवा कदाचित घोगरी, चिरकी, कोण जाणे कशी. आज हा थांबेल, आणि मग दयेपोटी जन्मभर थांबून राहील. ते मला नको होतं.

"फ्लास्कचं झाकण घट्ट लाव," मी म्हटलं.

सवयीने त्याची बोटं मिटली. "सहा," तो हळूच म्हणाला. "एक कमी पडलं."

त्याने झाकण घट्ट लावून फ्लास्क माझ्या हातात दिला आणि जिना उतरून गेला. माझ्या जुन्या आवाजात मी त्याला सांगितलेली ती शेवटची गोष्ट. फ्लास्कचं झाकण! मी रिक्षात बसून स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की आवाज तिथेच बसायला हवा होता.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आईने हात जोडले. आणि घरात शांतता पसरली. मी पाटीवर लिहायचे, आई वाचायची आणि उत्तर ओरडून द्यायची, जणू मी बहिरी झालेय.

माझे आधीच रेकॉर्ड झालेले भाग दाखवून संपले, आणि तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिने मालिका लावली. मी पाटीवर लिहिलं — बंद कर. दुसऱ्या मुलीचा आवाज ऐकवणार नव्हता मला. आईने मुळीच ऐकलं नाही.

पडद्यावर घड्याळवाली काट्याला बांधलेली. तोंड उघडलं.

"सोडा मला! तुम्ही हे शहर बुडवू शकणार नाही!"

आईने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत टीव्हीकडे. "तू तर तोंडाला कुलूप लावून बसलीयस," ती म्हणाली. "मग ही बोलतेय कोण?"

मी उठून पडद्याजवळ गेले. 'सोडा मला' — हे नवव्या भागातलं, माझं नाक चोंदलं होतं तेव्हाचं. 'तुम्ही हे शहर' तेराव्यातलं. 'बुडवू' पाणबुडीच्या भागातलं. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास जोडलेला. सुटका झाल्यावर ती हसली, आणि त्या हसण्याच्या मागे, अगदी बारीक... खळ्ळ. पेला फुटल्याचा आवाज.

तो पुसायला काका विसरणं शक्यच नव्हतं. कुणीतरी तो मुद्दाम ठेवला होता. मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि आवाज न करता रडले. रडताना आवाज करायची परवानगी नव्हती.

सोमवारी स्टुडिओ गाठला. काकांनी मला बघून खुर्ची पुढे केली. टेबलावर वह्यांचा ढीग. त्या पहिल्या भागापासूनच्या माझ्या प्रत्येक वाक्याने भरलेल्या, मोजणीदाराच्या तिरक्या अक्षरात. कुठे श्वास घेतला, कुठे अडखळले, कुठे हसले.

"मालकीणबाईंशी भांडला तो," काका म्हणाले. "म्हणाला, त्यांनी नवी चित्रं काढली नाहीत, नवी गोष्ट रचली नाही, मग आपल्याला नवा आवाज कशाला? हिने सगळं आधीच बोलून ठेवलंय. तीन आठवडे दिवसभर इथेच बसलाय येडा. मी म्हटलं, अरे, दुसरी मुलगी स्वस्तात पडेल. तर म्हणतो, ती घड्याळवाली नसेल."

तो दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. आत आला, माझ्यासमोर बसला.

"पाच भाग भागतील जुन्यावर," तो म्हणाला. "शेवटच्यातलं शेवटचं वाक्य मी रिकामं ठेवलंय. तिथे जुनं चालणार नाही."

मी पाटीवर लिहिलं — आवाज बदलेल माझा.

"बदलू दे."

चिरका येईल.

"येऊ दे."

तुला माझा आवाज आवडतो. मी खडूने 'आवडतो'च्या खाली दोन रेघा मारल्या, खडू मोडला.

त्याने मोडलेला खडू उचलला. "पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "बोळात केवढा गोंगाट होता. आतून झगेवाल्याची मारामारी चालू, आणि तू नुसती पुटपुटत होतीस. मला तुझा आवाज मुळी ऐकूच आला नव्हता गं. मी फक्त बघत होतो."

काका उठले. "चहा सांगून येतो," म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.

पडद्यावर मनोऱ्याचं दृश्य थांबलेलं होतं. मोजणीदाराने बटण दाबलं. झगेवाला उडाला. घड्याळवालीने त्याच्या पाठीकडे बघत तोंड उघडलं, मुकंच. मी पाटी खाली ठेवली. कंठातून एवढासाही स्वर निघू न देता, फक्त ओठांनी, तिच्याबरोबर बोलले.

त्याची बोटं मिटत गेली. एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. मग दोन्ही हात तसेच राहिले, अर्धवट मिटलेले.

"सात," तो म्हणाला. आवाज त्याचाच फुटला होता. "मला वाटतं मला कळलं... पण परत एकदा म्हण. चुकलो तर आयुष्य फुकट जाईल."

मी परत म्हटलं. आणि परत. तेच दृश्य, तेच सात.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दहा वाक्यं बोलायची परवानगी दिली. आईला मी खुणेनेच 'थांब' केलं. पहिलं वाक्य राखून ठेवलं होतं. माईकसमोर उभी राहिले. जो आवाज निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता. खालचा, खरखरीत, पुरुषासारखा जाड. मी घाबरून काचेपलीकडे बघितलं. त्याने हेडफोन काढून ठेवला होता. तो बघत होता.

दुसऱ्या शहरातल्या लोकांना त्याने नाही कळवलं होतं.

शेवटचा भाग लागला त्या शनिवारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. आई मध्ये, तो अवघडून कडेला. टोपीवाला डावीकडून येऊन गेला, तीन सेकंदांचा पाऊस पडला, शास्त्रज्ञ तुरुंगात गेला. झगेवाला उडाला आणि त्याच्या पाठीकडे बघत, त्या नव्या जाड्याभरड्या आवाजात, घड्याळवाली म्हणाली,

"थांब ना. मला आवडतोस."

मालिका संपली. आई अजून पडद्याकडेच बघत होती.

"हा भाग," ती म्हणाली, "मी नव्हता हं पाहिलेला."

मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, आणि त्याला म्हणाली, "आता जेवूनच जा."