थांबा म्हणेपर्यंत

प्लास्टिक सर्जनकडे माणसं दोन कारणांसाठी जातात. एक तर देवाने केलेलं दुरुस्त करायला, नाहीतर दुसऱ्या सर्जनने केलेलं. डॉक्टरबाईंकडे दुसऱ्या कारणाने येणारी गर्दी जास्त असे, कारण त्यांचं नाव व्रणांसाठी झालं होतं. कुणाची जखम भरल्यावर गुपचूप बसेल आणि कुणाची भरून झाली तरी वाढतच राहील, हे त्या आधी सांगत. कान टोचल्याची जागा बघायची, दंडावरची लशीची खूण बघायची, आईबहिणींची चौकशी करायची आणि शेवटी कातडीवर अंगठा दाबून क्षणभर गप्प बसायचं. यातलं शेवटचं कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. पण अंदाज चुकत नसे. हाताखालचे डॉक्टर तोंडावर त्याला अनुभव म्हणत आणि पाठीमागे बाईंना अंगठेबहाद्दर.

अशाच एक काकू नवऱ्याबरोबर आल्या. त्यांच्या डाव्या खांद्यामागे एक साधी गाठ होती. कुणीतरी ती काढली. टाक्यांच्या जागी करंगळीएवढा लालभडक उंचवटा आला. मग त्याच कुणीतरी मोठ्या आत्मविश्वासाने तो उंचवटा कापला आणि तो परत आला तो भाऊबंद घेऊन. आता खांद्यामागे तळहाताएवढा व्रण होता, टणक आणि रात्री झोपू न देणारा.

"याला केलॉइड म्हणतात," बाई म्हणाल्या. "घर बांधून झालं तरी गवंडी जायला तयार नाहीत, असं समजा."

"आणि त्यांना घालवायचं कसं?" काकांनी विचारलं. काका मागच्या गोल स्टुलावर ताठ बसले होते. नोंदणी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"इंजेक्शनं मी देईन. रात्री सिलिकॉनची पट्टी. आणि सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने चोळायचं. तिथे काकूंचा स्वतःचा हात पोचणार नाही, तेव्हा ते काम तुमचं."

"दाब किती? शिक्का मारतो तेवढा, की सहीवरची शाई टिपतो तेवढा?"

"व्रण पांढरा पडेल तेवढा. अंगठा काढला की परत लाल झाला पाहिजे."

"थांबायचं कधी?"

"मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"लेखी द्याल?"

"देऊ नका हो डॉक्टर," काकू पालथ्या पडूनच म्हणाल्या. "फ्रेम करून लावतील."

काकांनी लेखी न मिळताही हुकूम पाळला. व्रण मऊ होत गेला. दर खेपेला ते त्याच स्टुलावर बसत, बाईंनी व्रणावर हात ठेवला की पुढे वाकून बघत आणि प्रगती समाधानकारक असल्याचं ऐकून मागे सरकत. नवराबायकोत बोलणं फारसं नसे. व्रणाच्या निमित्ताने दिवसातून दोनदा त्यांचा एकमेकांना स्पर्श होत होता, आणि त्या वयात तो पुष्कळच म्हणायचा. बाईंच्या स्वतःच्या मानेला कित्येक वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. पण तो विषय ओपीडीत निघण्यासारखा नव्हता.

मग काका गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, कुणाला तसदी न देता.

काकू पुढच्या खेपेला एकट्या आल्या तेव्हा बाईंनी मनाची तयारी केली होती. चोळणं बंद पडलं की असा व्रण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा घट्ट होतो. त्यांनी अंगठा ठेवला. व्रण मागच्यापेक्षा मऊ होता.

"कोण चोळतं हल्ली?"

"हेच," काकू म्हणाल्या.

नुकतं माणूस गेलेल्या घरात असं बोललं जातंच. बाईंनी ते सोडून दिलं आणि इंजेक्शनाचा परिणाम मागाहूनही दिसतो, अशी स्वतःची समजूत घातली. पडताळा घ्यायचा म्हणून त्यांनी इंजेक्शनं थांबवली. पुढे पट्टीही थांबवली. व्रण उतरतच राहिला.

"घरी मदतीला कुणी असतं का? शेजारीण वगैरे?"

"कुणी नाही. मुलगी आहे, परदेशात. ती काय फोनवरून चोळणार?"

त्या दिवशी सिस्टर कापूस आणायला बाहेर गेली होती. बाई बेसिनपाशी हात धूत होत्या. हात पुसत वळल्या तर काकूंच्या खांद्यामागे, गुलाबी व्रणाच्या मधोमध, एक लांबट पांढरा डाग होता. अंगठ्याएवढा. बघता बघता तो कडांकडून आत लाल होत गेला. तो पुरता भरायच्या आत त्याच्या खाली दुसरा उमटला. मग आणखी खाली तिसरा. घाई नव्हती. एकेक जागा संपवून पुढे सरकल्यासारखं चाललं होतं.

काकूंचे डोळे मिटलेले होते.

बाई परत बेसिनकडे वळल्या आणि पुन्हा हात धुतले.

त्यानंतर त्या तपासताना स्टुलाला पाय लागणार नाही, याची काळजी घेऊ लागल्या. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. सिस्टरने एकदा स्टूल भिंतीकडे ढकललं, तेव्हा मात्र "राहू दे ते तिथेच" असं जरा जोरात म्हटलं गेलं.

हिवाळा सरता सरता व्रण जवळजवळ सपाट झाला. बाईंच्या कारकिर्दीत इतका सुंदर निकाल क्वचितच लागला होता.

"किती राहिलंय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. झालंच म्हणायचं."

काकू उठून बसल्या. पदर सावरला. "मोठ्याने नका बोलू."

"का?"

"तुम्ही थांबा म्हणालात की ते थांबतील. तुमचा हुकूम आहे ना." त्यांचा आवाज अगदी साधा होता, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसा. "सकाळी येतात, संध्याकाळी येतात. बोलत नाहीत. पण आधी तरी कुठे बोलायचे? तेवढंच आहे डॉक्टर. तेवढं काढून घेऊ नका."

खरं सांगणं हे बाईंचं काम होतं. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्टुलाकडे पाहिलं.

"काका," त्या म्हणाल्या, "अजून बरंच बाकी आहे. चालू ठेवा."

खोलीत काहीच झालं नाही. बाईंना स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. काकूंनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि त्या गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस काकू फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. सिस्टरने तो भिजवून अलगद सोडवला आणि ती बाजूला झाली.

व्रण नव्हताच. त्या जागी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. आणि तिच्यावर बारीक, वाकड्या चिरा होत्या. सगळ्या एकाच मापाच्या. काही सुकलेल्या, काही ओल्या.

"दुखत नाही?"

"दुखतं की."

"काकू, आता थांबवायला हवं."

"मग सांगा त्यांना," काकू म्हणाल्या, आणि मान खाली घातली.

बाईंनी तोंड उघडलं.

पण शब्द बाहेर पडायच्या आधी, निव्वळ सवयीने, त्यांचा अंगठा त्या चिरांच्या कडेवर टेकला. क्षणभर त्या गप्प राहिल्या. अंदाज चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

"हे भरल्यावर वाढणार आहे," त्या म्हणाल्या. "आधीपेक्षा मोठं."

काकूंची आखडलेली पाठ हळूहळू सैल झाली.

"म्हणजे चोळणं अजून दोन-तीन वर्षं तरी," काकू म्हणाल्या.

बाईंनी अंगठा काढून घेतला. थांबा मात्र म्हणाल्या नाहीत.

"त्यांचा दोष नाही हो," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. "नखं मीच कापायचे त्यांची. त्यांना डाव्या हाताने जमत नसे. ते गेल्यापासून राहूनच गेलंय."

पर्समधून त्यांनी नेलकटर काढला. टेबलाच्या कडेला सरकून बसल्या आणि मोकळा तळहात स्टुलासमोर धरला.

"द्या हात."

तळहात किंचित खाली गेला.

बाईंनी किडनी ट्रे उचलून त्याखाली सरकवला. अशा वेळी ट्रे द्यायचा, एवढं त्यांच्या हाताला माहीत होतं.

ट्रेमध्ये काहीतरी बारीक पडलं. मग आणखी एक.

"कोपरे नीट घ्या," बाई म्हणाल्या.