न फिरवलेली ताटे

रात्रीचा प्रसंग दुपारी चित्रित करायचा होता, कारण अंधार पडल्यावर शेजारच्या घरातले कॅराओके थांबवणे कुणाच्याही हातचे नव्हते. म्हणून सकाळपासून मारिकिना शहरातल्या एका वसाहतीतल्या घराच्या खिडक्यांवर जाड काळे कापड ठोकले जात होते. पुढच्या दाराबाहेर त्याच कापडाची एक चिंचोळी खोली उभारली होती. दार उघडल्यावर पलीकडे रात्र दिसावी, एवढेच तिचे प्रयोजन. नटाने दारातून बाहेर पडायचे, त्या काळोखात दोन पावले जायचे आणि 'कट' ऐकू येईपर्यंत तिथेच उभे राहायचे. कापडापलीकडे एप्रिलचे रखरखीत ऊन होते आणि कुणाच्या तरी कुंपणावर वाळत घातलेले गणवेश होते.

घर क्रिसांतोचे होते. चित्रपटही त्याचाच होता; सेटवर सगळे त्याला दिरेक, म्हणजे दिग्दर्शक, म्हणत. एकसारख्या चेहऱ्यांच्या घरांच्या त्या रांगेत तो लहानाचा मोठा झाला होता. बुटांच्या कारखान्यातले काम गेल्यावर गप्प झालेला बाप आणि भिंतीआडून येणारी भांडणे, हीच त्याची कथा होती. "यात काही घडतच नाही," असे एक निर्माता हसून म्हणाला होता. भर पावसाच्या रात्री एक माणूस जेवता जेवता उठतो आणि जातो. तेवढेच तर घडले होते. तो माणूस परत आला नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या आत तेव्हापासून एक दार उघडेच राहिले.

टेबलाला तीन खुर्च्या होत्या. एकीवर बापाच्या भूमिकेतला एफ्रेन, सगळ्यांचा कुया, म्हणजे दादा; दुसरीवर आईच्या भूमिकेतली व्हिओलेता, सगळ्यांची आते, म्हणजे ताई. तिसरी मुलाची, तिच्यावर कॅमेरा बसवला होता आणि त्याच्या मागे, आपल्याच जुन्या जागी, क्रिसांतो बसला होता. सारे दृश्य मुलाच्या डोळ्यांनी दिसणार होते.

पहिला टेक उत्तम चालला होता. एफ्रेन उठला, दार उघडून बाहेर गेला, आणि व्हिओलेताच्या हाताने तिच्या नकळत समोरचे ताट जागच्या जागी फिरवले.

"कट! आते, हात!" क्रिसांतो ओरडला.

"अगं बाई! माझ्या ध्यानातच नाही आलं, दिरेक. आपोआप गेला बघा." व्हिओलेताने जीभ चावली. कुणी जेवण अर्ध्यावर टाकून निघाले की बसलेल्यांनी ताट फिरवायचे, म्हणजे जाणारा सुखरूप राहतो. हे त्या घरांतून पोरे बोलायच्या आधी शिकतात.

"हिचा नवरा जहाजावर असतो," सहायिका मेर्सी म्हणाली. "हिला रोजची सवय."

"जहाजावर असतो म्हणून ताट फिरवते. घरी असता तर त्यालाच गरगर फिरवला असता!" व्हिओलेता म्हणाली.

सगळे हसले. क्रिसांतो हसला नाही.

"त्या रात्री कुणी ताट फिरवलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून आजही फिरवायचं नाही."

स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई, नानाय, उभी होती. खरी आई. चित्रीकरण सुरू झाल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. दिव्यांची जागा बदलत असताना ती त्याच्याजवळ आली.

"फिरवू दे तिला ताट."

"तू फिरवलं नव्हतंस, नानाय."

"रागात होते मी. दाबून धरलं होतं ताट." तिचा आवाज खाली गेला. "म्हणून सांगतेय. तुझं नाटक असेल, पण माणूस तर खराच उठून जातोय ना दाराबाहेर?"

इतक्या वर्षांत तिने हे प्रथमच कबूल केले होते, आणि ते ऐकूनही त्याला जवळ कुणी आल्यासारखे वाटले नाही.

पुढच्या टेकमध्ये व्हिओलेताने हात मांडीवर ठेवले. एफ्रेन गेला. 'कट' झाल्यावर तो परतला तो पाठीमागे पाहत.

"दिरेक, तिथे आणखी कुणाला उभं केलंय?"

"कुणालाच नाही, कुया."

"श्वास ऐकू आला. माझ्या मागेच."

"तुमचाच असेल," मेर्सी म्हणाली. "वय झालं आता. धाप लागते, अन् कळतही नाही."

एफ्रेनने तिला हात उगारून दाखवला. पण पुढच्या वेळी बाहेर जाण्याआधी त्याचा हात कडीवर क्षणभर थबकला, आणि आत येताना त्याच्या सदऱ्याचे खांदे ओले होते.

"केवढा घाम!" म्हणत व्हिओलेताने रुमाल टेकवला आणि लगेच मागे घेतला. "थंडगार आहे हो हे."

ताटांतला भात बदलला. चिंचेच्या आंबट कालवणावर वाफ दिसावी म्हणून ते पुन्हा तापवले. पुन्हा टेक. एफ्रेन उठला, दाराशी गेला, तिथे वळला. संहितेत वळणे नव्हते. त्याने थेट कॅमेऱ्याच्या भिंगात पाहिले, आणि भिंगातून क्रिसांतोकडे.

"सांतो, भात संपव. मी आलोच."

दार लागले.

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. तो बंद झाला.

सांतो ही बापाची हाक होती, चित्रपटातल्या मुलाचे नाव वेगळे होते. बापाचे ते शेवटचे वाक्य क्रिसांतोने लिहिले नव्हते. कुणाला कधी सांगितलेही नव्हते. सगळी कथा जगाला देऊन टाकताना तेवढे एकच त्याने स्वतःसाठी राखून ठेवले होते.

"हे कुठून आणलंत?" एफ्रेन परतल्यावर त्याने विचारले.

"काय?"

"आत्ता बोललात ते."

"मी कुठे काय बोललो?" एफ्रेन चाचपत खुर्चीत बसला. "दिरेक, मला बरं वाटत नाहीये. झालं ना मनासारखं?"

"झालं तर," मेर्सी म्हणाली. "काटा आला अंगावर. बास आता. आते, फिरवून टाका ती ताटं, आपण मोकळे होऊ."

व्हिओलेताने हात पुढे केला.

"थांबा." क्रिसांतोचा आवाज त्याच्याच कानांना परका वाटला. "अजून एक."

"दिरेक..."

"एकच."

स्वयंपाकघराच्या दारात नानाय होती. पुढच्या बंद दाराकडे पाहत ती एप्रनला हात पुसत होती.

एफ्रेन उठला. दार उघडले. काळोखाने त्याला घेतले.

क्रिसांतोने 'कट' म्हटले नाही. तो ऐकत राहिला. पलीकडे पाऊस पडत असल्यासारखा आवाज होता.

"कट," शेवटी मेर्सीच म्हणाली. "कुया, या आत."

कुणी आले नाही.

ती मागच्या दाराने धावत वळसा घालून गेली. बाहेरून कापड उचलल्याचा आवाज झाला. दाराखालच्या फटीतून उन्हाची एक पांढरी रेघ घरात आली.

"इथे कुणी नाहीये!"

कापड पडले. रेघ विझली.

मग दार उघडले.

तो आत आला. चिंब भिजलेला. चेहरा एफ्रेनचाच होता. तो आपल्या खुर्चीत बसला आणि व्हिओलेताच्या खांद्यावरून पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हणाला, "गार झालं असेल."

"आणते गरम करून," नानाय म्हणाली.

"कुया, कट झालाय," व्हिओलेता हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. "आता कुणाला दाखवताय?"

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. नानायने पुढे ठेवलेल्या ताटातून तो जेवू लागला. मोठ्या भूमिकेनंतर काही नट असेच वागतात, असे कुणीतरी कुजबुजले. काळी कापडे उतरली. संध्याकाळचे पिवळे ऊन खोलीभर पसरले. माणसे सामान गाडीत चढवून, हलक्या आवाजात निरोप घेऊन गेली. एफ्रेनची काळजी करायचे कारण नव्हते, त्याची मुलगी त्याला रोज न्यायला येत असे.

ती आली. फाटकाशी दुचाकी थांबली.

"पापा! चला ना, मम्मी खोळंबलीय!"

जेवणाऱ्याने मान वर केली.

"सांतो," तो म्हणाला, "कुणाची पोर आहे रे ती? कुणाला हाक मारतेय?"

क्रिसांतोने नानायकडे पाहिले. ती भात वाढत होती.

तो फाटकापर्यंत चालत गेला. वाट छोटीच होती, पण ती संपू नये असे त्याला वाटले. मुलगी त्याच्याच वयाची असेल. कचेरीतून थेट आलेली. हेल्मेटखाली केस चिकटलेले.

"झालं का पापांचं, दिरेक?"

"ते... मघाशीच निघाले."

"निघाले? एकटेच? मला न सांगता?"

"हो."

तिने फोन काढून कानाला लावला. आतून, जेवणाच्या टेबलाकडून, एक आनंदी धून वाजू लागली. फाटकाच्या खांबाआडून मुलीला दिसत नव्हता, पण क्रिसांतोला खिडकीतून तो माणूस दिसत होता. आवाज आपल्याच खिशातून येतो आहे हे न समजून तो छताकडे, भिंतींकडे, दाराकडे पाहत होता.

"त्यांचा फोन तर आत वाजतोय," मुलगी म्हणाली.

"विसरले असतील," क्रिसांतो म्हणाला.

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

आत नानायने वाकून त्या ओल्या खिशात हात घातला, आणि धून बंद झाली.