सुरय्याचा टाका

शहाऐंशी साली बिबवेवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये माझा कारखाना होता. कारखाना म्हणजे मी, भरतकामाचं एक यंत्र आणि मनात आलं तर फिरणारा पंखा. यंत्राला मी मायक्रोप्रोसेसर जोडला होता. गोमेसारखे पाय असलेली ती काळी चिप मुळात आकडेमोडीच्या यंत्रासाठी जन्मली, आणि पुढे जिथे जिथे माणसाचा हात चालत होता तिथे तिथे हळूच शिरली. मी तिला सुई चालवायला शिकवलं. कसबा पेठेत घरोघरी भरतकाम करणाऱ्या बायकांनी त्यावरून मला किती शिव्या घातल्या असतील, याची चौकशी मी कधी केली नाही.

त्यांच्यातल्याच रझियाबी एका दुपारी आल्या. हातात लाल ओढणी, काठावर हिरवी वेल, अर्धीच भरलेली.

"सुरय्याआपानं पोरीसाठी घेतली होती भरायला," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात गेली. नसीम म्हणते, अम्मीच्या हातची ओढणी असेल तरच निकाहला बसेन. आणि शुक्रवारी निकाह आहे. माझे हात आता थरथरतात. तुमचं यंत्र करील का, उल्काताई? अगदी आपासारखं?"

"यंत्राला आपा-बिपा कळत नाही. सुई कुठे टोचायची, तेवढंच कळतं."

"आपाला तरी दुसरं काय कळायचं?" रझियाबी शांतपणे म्हणाल्या. मी ओढणी हातात घेतली.

सुरय्याच्या एकेका टाक्यावर मी यंत्राला जोडलेला टोकदार काटा ठेवत गेले आणि त्याची जागा चिपशेजारच्या मेमरीत भरत गेले, म्हणजे उरलेली वेल यंत्र त्याच टाक्यांनी भरील. रझियाबींसोबत आलेली नसीम शेजारी स्टुलावर बसून बघत होती. अबोल मुलगी. आईच्या शेवटच्या दिवसांत ती परीक्षेसाठी मावशीकडे राहिली होती, एवढं रझियाबींकडून कळलं.

यंत्र सुरू झालं. एरवी त्याच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी आवाज मऊ होता, उशीत तोंड घालून कुणी गुणगुणावं तसा. प्रत्येक पानाच्या टोकाला सुई क्षणभर थांबायची. मी प्रोग्रॅम तपासला. थांबा कुठेच नव्हता. व्होल्टेज कमी असेल, म्हटलं. पुण्यात वीज मंडळावर ढकललं की सगळं खपतं.

मग एक धागा संपला. यंत्र पात्यानं धागा कापतं, टोक सरळ येतं. हे टोक चपटं होतं, आणि ओलं.

रझियाबींनी ते बोटांत धरलं. "आपा कात्री वापरायचीच नाही," त्या म्हणाल्या. "दातानं तोडायची."

मी ओढणी उलटून पाहिली. यंत्राच्या टाक्याला खालून बॉबिनचा दुसरा धागा लागतो. इथे एकच धागा होता, हातानं भरल्यासारखा. बॉबिन भरलेलीच होती. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. एवढं सुबक काम माझ्या यंत्रानं कधी केलं नव्हतं.

उन्हं पत्र्यावरून उतरायला लागली. वेल पुरी झाली, तरी सुई थांबेना. नसीम यंत्राच्या टेबलावर डोकं टेकून झोपली होती. ओढणीचा पदर तिच्या खांद्यावर आला होता. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी वीज बंद केली, चिप उपसून काढली आणि तपासायला पलीकडच्या खोलीत नेली.

चिप ठणठणीत होती. ती मी हातात धरून उभी होते आणि भिंतीपलीकडून तो मऊ आवाज येतच होता.

"उल्काताई!"

मी धावले. रझियाबी दाराशीच खिळल्या होत्या.

ओढणी नसीमच्या कुर्त्याला शिवली गेली होती. खांद्यापासून गळ्यापर्यंत, बारीक हिरवी पानं. सुई आता थांबली होती.

"अंगावरचा कपडा शिवताना, ज्याच्या अंगावर असेल त्यानं तोंडात धागा धरायचा असतो," रझियाबी कुजबुजल्या. "नाहीतर जित्या माणसाचं कफन शिवल्यासारखं होतं. आपा हे कधी विसरायची नाही. उठवा तिला. आधी उठवा!"

मी नसीमच्या गालाला हात लावला. तिनं डोळे उघडले. चेहऱ्यावर नुसतं सुख होतं, आईच्या मांडीवरून उठल्यासारखं.

तिच्या मिटल्या ओठांत हिरवा धागा होता.

"नसीम," मी विचारलं, "झालं का गं भरून?"

तिनं हळूच मान हलवली. नाही.

आणि धागा दातांत आणखी घट्ट धरला.