खडूची खूण

ती त्या खोलीत शिरली ती पाणी शोधत. दार ढकललं आणि – टण्ण! गोळी सुटावी तसा आवाज. हातातली रिकामी बाटली खाली पडली.

कापायच्या मशीनपाशी एक उंच माणूस उभा होता. समोर जाड पोलादी प्लेट, आणि तिच्यावरून अर्धवट सुटलेला तुकडा धनुष्यासारखा वाकलेला. तिनं तो ओळखला. कृत्रिम पायाचा हा भाग तिनंच धातूच्या थ्री-डी प्रिंटरवर छापला होता, नोकरीतला पहिलाच.

"हा... काल तर सरळ होता."

"प्लेटला धरून होता तोवर," तो म्हणाला. "लेझरनं धातूची पूड वितळते, लगेच थिजते, आवळते. प्रत्येक थर खालच्याला ओढतो. सोडवलं की सगळा ताण एकदम उसळतो. म्हणून आधी प्लेटसकट भट्टीत घालायचं. भट्टी झाली की आम्ही कोपऱ्यात खडूनं अशी खूण करतो. ही बघा, आहे की."

ती खूण तिची होती. आपला तुकडा ओळखू यावा म्हणून तिथलाच खडू उचलून तिनं केलेली.

तेवढ्यात साहेब आत आले. "कोणाचा पराक्रम हा? सोमवारी त्या बाई पाय बसवून घ्यायला येतायत."

त्यानं तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. "माझा. भट्टी राहिली."

ती आ वासून बघत राहिली. ओळख ना पाळख, आणि हा माणूस...

"खोटं बोलतायत," ती म्हणाली. "खूण मी केली."

आता थक्क व्हायची पाळी त्या दोघांची होती.

"हरिश्चंद्राचे अवतार नंतर घ्या," साहेब म्हणाले. "दुसरा तुकडा द्या. हाही वाकला तर दोघांनीही दुसरी नोकरी बघा."

तिनं या वेळी प्लेट आधी तापवून घेतली. लेझर सलग न फिरवता लहान लहान चौकोनांत फिरवला, दर थराला दिशा बदलून. मग तुकडा भट्टीत गेला आणि दोघं बंद दारासमोर स्टुलांवर बसले.

"जरा उघडून बघू?"

"उघडलंत की मुसळ केरात. सावकाश निवू दे."

"माझा दोष तुम्ही का घेतलात?"

"तुमची बाटली पडली होती... ती उचलून द्यायची होती. तेवढ्यात साहेब आले."

"म्हणून नोकरी पणाला लावलीत?"

"काहीतरी करायला हवं होतं. बोलणं मला जमत नाही. आई म्हणते, मूग गिळून जन्माला आलास."

ती हसली, आणि त्याचे कान लाल झाले.

तुकडा निवला. त्यानं तो मशीनवर कापायला घेतला. तिनं श्वास रोखला... मशीनची कापणारी तार आरपार निघाली, तरी आवाज नाही. तिनं पट्टी लावून पाहिली. खाली फट नव्हती. सरळ.

तिनं खडू उचलला आणि त्याच्या बाहीवर खूण केली.

"हे काय?"

"आता सोडवायला हरकत नाही. काय आवळून धरलंय ते बोला."

त्यानं बाहीवरच्या खुणेकडे पाहिलं. "माझी... भट्टी व्हायचीय अजून."

"मग बसू या. मला कुठे घाई आहे?"

दोघं पुन्हा स्टुलांवर बसले. समोरची भट्टी केव्हाच गार झाली होती.

"रोज..." तो म्हणाला, "रोज बसाल? म्हणजे, कायमच्या?"

एवढं एकदम येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं शेजारची बाटली बोटानं ढकलली. बाटली खाली पडली, गडगडत त्याच्या पायाशी गेली.

"उचल," ती म्हणाली.